पन्नास तासांची कथा : शेवटास न्यावी काय?

व्हिडिओ गेमविषयी आपल्या सुशिक्षित घरांतून सध्या दोनच मते ऐकू येतात. वडील माणसांच्या मते तो निव्वळ कालापव्यय; तरुणांच्या मते त्याच्या तोडीची दुसरी करमणूक नाही. या दोन्ही मतांत एक उणीव समान आहे. वडिलांनी खेळ पाहिलेला नसतो आणि मुलांनी तो खेळून झाल्यावर त्याचा विचार केलेला नसतो. निंदा आणि स्तुती अशा समोरासमोर उभ्या राहिल्या व मध्ये परीक्षणच नसले, म्हणजे टीकाकाराने त्या मोकळ्या जागेत पाऊल टाकणे प्राप्त होते. त्यातून ज्या खेळांत दीर्घ कथा गुंफलेली असते, त्यांचा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. नाटक तीन तासांत संपते, कादंबरी चार-सहा रात्रींत वाचून होते. परंतु या लेखात ज्या खेळाचा मुख्यत्वे विचार करावयाचा आहे, त्याची नुसती मूळ कथा पुरी करावयास सुमारे ५० तास लागतात. रोज एक तास दिला तरी सात आठवडे झाले. कॉलेजातील विद्यार्थ्याचे हे जवळजवळ अर्धे सत्र होय. इतका काळ मागणाऱ्या कृतीस ‘तू त्याच्या बदल्यात काय देतेस?’ असे विचारण्याचा अधिकार खेळणाऱ्यास आहे, आणि त्याच्या आईबापांसही आहे.

प्रथम लांबीविषयी. लांबी हा स्वतः गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. कथानक किती मोठे असावे हे सांगताना ॲरिस्टॉटलने ते स्मरणात सहज सामावेल इतके असावे, असा दंडक घातला. त्याने येथे मोजमाप स्मृतीचे सांगितले, घटकापळांचे नव्हे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ पत्रातून १८९० ते १८९३ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. आज ती पुस्तकरूपाने आठवडाभरात वाचणाऱ्यास यमूचे दुःख पुरते कळते, यात शंका नाही. तथापि ज्या वाचकाने तिच्याबरोबर तीन वर्षे काढली, त्याला ती शेजारच्या घरातील मुलगीच झाली असली पाहिजे. तिचे माहेर, सासर, मुंबईचा संसार आणि वैधव्य यांच्यामधले अंतर त्या वाचकाने स्वतःच्या आयुष्याच्या दिवसांनी भरून काढले. अशा ठिकाणी लांबी कथेच्या उपयोगी पडते. याउलट केवळ पाने भरावीत म्हणून आणलेली उपकथानके आपण सर्वांनीच चाळून सोडून दिलेली आहेत. तेव्हा कोणत्याही दीर्घ खेळाविषयी खरा प्रश्न हा की, त्याची लांबी कथेचे काही काम करते, की नुसती जागा अडवते?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी अशा खेळातील कथेची मांडणी कशी असते, ते पाहिले पाहिजे. त्यासाठी आम्हां संभाजीनगरकरांस फार दूर जावे लागत नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची कथा भिंतीवर रंगविलेली आहे. मागेल त्याला मागेल ते देणारा हा राजपुत्र राज्याचा हत्ती देतो, रथ देतो, पोटची मुले देतो, शेवटी पत्नीही देतो. अजिंठ्याच्या चित्रकथांकडे नीट पाहिले असता असे दिसते की, पुष्कळ ठिकाणी चित्रकारांनी प्रसंगांची जुळणी काळाच्या क्रमाने न करता स्थळाच्या क्रमाने केली आहे. राजवाड्यातले प्रसंग एकीकडे, वनातले दुसरीकडे; मग ते कथेत आधीचे असोत वा नंतरचे. कथा स्थळांत मांडून ठेवलेली असते, आणि तिला काळ मिळतो तो पाहणाऱ्याच्या पावलांनी. आजच्या मोठ्या खेळांतही हीच पद्धत आहे. विस्तीर्ण प्रदेश, त्यात गावे, गावांत माणसे, आणि प्रत्येक माणसापाशी कथेचा एकेक तुकडा. खेळणारा फिरेल तशी कथा उलगडते. म्हणून ‘कथा शेवटास न्यावी काय?’ हा प्रश्न येथे ‘इतके चालावे काय?’ असे रूप घेतो.

आपल्याच प्रांतातील एक उदाहरण आधी पाहू. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा मंडळीने २०२० साली ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला, आणि त्या वर्षीच्या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या कृतींमध्ये त्यास नामांकन मिळाले. कसरतीचे खेळ करणारी राजी ही अनाथ पोर. तिचा धाकटा भाऊ गोलू यास असुर पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधास निघते. दुर्गा आणि विष्णू वरून तिची वाटचाल पाहत आपसांत बोलत असतात व तेच कथा सांगतात. मधून मधून भिंतीवरची चित्रे लागतात. त्यांच्यासमोर उभे राहिले की देवादिकांच्या कथा ऐकू येतात. काही प्रसंग चामड्याच्या बाहुल्यांच्या छायाखेळासारखे सादर होतात. पिंगुळीच्या ठाकर मंडळींचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांस ही रीत परकी वाटणार नाही. हा खेळ पाच-सहा तासांत संपतो. परंतु संपतो म्हणण्यापेक्षा थांबतो म्हणणे अधिक सयुक्तिक, कारण महाबलासुराशी झुंज होते आणि कथेची गाठ बसण्यापूर्वीच पडदा पडतो.

असे असूनही ‘राजी’ पुरता खेळावा, असेच आमचे मत आहे. अपूर्णता आपल्या वाङ्मयास नवी नाही. पैठणच्या एकनाथांचे भावार्थरामायण युद्धकांडात थांबले आणि गावबा या शिष्याने ते पुढे पुरे केले. म्हणून नाथांच्या हातचा भाग कोणी अपुरा समजून बाजूस ठेवला नाही. ‘राजी’मध्ये जे आहे ते नीटस आहे आणि त्याने मागितलेला काळ थोडा आहे. पाच तास घेऊन गाठ सुटी ठेवणाऱ्यास क्षमा करता येते. ५० तास घेणाऱ्यास तशी सवलत देता येणार नाही. मात्र ‘राजी’च्या या थोडक्या काळाची एक मर्यादाही आहे. राजीचे गोलूवर प्रेम आहे, हे आपणांस सांगितले जाते. त्या प्रेमात आपण राहिलेलो नसतो. बहीणभावांबरोबर काही दिवस काढण्यापूर्वीच भाऊ नाहीसा होतो. म्हणून तिच्या शौर्याचे कौतुक वाटते, पण जीव तितकासा गुंतत नाही.

आता दीर्घ कथेकडे वळू. ‘रेड डेड रिडेम्पशन २’ हा रॉकस्टार कंपनीचा खेळ २०१८ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला व त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. सहा प्रकरणे आणि दोन भागांचा उपसंहार असा त्याचा विस्तार आहे. पुढील विवेचनात त्याचा शेवट उघड होणार आहे, हे आधीच सांगतो. शेवट आधी कळल्याने ज्या कथेतला रस आटतो, ती पन्नास तासांच्या लायकीची नव्हेच. हरिश्चंद्राचे पुढे काय होते, हे ठाऊक नसलेला श्रोता कीर्तनास कधी येत नसे, आणि तरीही देवळे भरत असत.

काळ १८९९ चा. अमेरिकेत कायद्याचे राज्य पश्चिमेकडे सरकत आहे आणि डच व्हॅन डर लिंड याच्या टोळीला पळण्यास जागा उरलेली नाही. आर्थर मॉर्गन हा डचचा उजवा हात. खेळणारा त्याच्याच रूपाने वावरतो. टोळीत स्ट्राउस नावाचा एक हिशेबनीस आहे. तो नडलेल्या माणसांस व्याजाने पैसे देतो आणि वसुलीस आर्थरला पाठवतो. सावकाराचा वसुलीदार म्हणजे काय, हे मराठी वाचकास समजावून सांगण्याचे कारण नाही. पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी १८७५ साली कर्जरोखे जाळले, ते अशाच वसुलीला कंटाळून. आर्थर एका वसुलीसाठी थॉमस डाउन्स या आजारी शेतकऱ्याच्या दारी जातो व त्याला मारतो. मार खाता खाता डाउन्स खोकतो आणि रक्ताचे शिंतोडे आर्थरच्या तोंडावर उडतात. दुसऱ्या प्रकरणातला हा पाच मिनिटांचा प्रसंग. पुढे डाउन्स मरतो. आर्थर त्याच्या विधवेकडून उरलेली रक्कम घेऊन येतो. खेळ पुढे चालू राहतो. दरोडे, पलायने, शिकार, मासेमारी, शेकोटीभोवतालची गाणी. खेळणाऱ्याचे कित्येक आठवडे जातात आणि डाउन्सचे नाव मनाच्या तळाशी जाऊन बसते. मग कथेच्या अखेरच्या भागात आर्थर सेंट डेनिस शहरातील रस्त्यावर कोसळतो, आणि डॉक्टर त्याला सांगतो की हा क्षय आहे.

क्षयाचे जंतू कॉखने १८८२ साली दाखवून दिले होते; त्यावरचे पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, निघावयास १९४३ साल उजाडले. म्हणजे १८९९ मधल्या आर्थरला रोगाचे कारण कळू शकते, उपाय मिळू शकत नाही. त्या एका वाक्यासरशी खेळणाऱ्यास शेतकऱ्याचे ते अंगण आठवते. या कथेचे सगळे सामर्थ्य या आठवणीत आहे.

परंपरेने ज्ञानदेवांच्या नावाशी जोडलेला मोक्षपट वाचकांच्या परिचयाचा असेल. त्यात पापाच्या घरात सोंगटी पडली की साप तत्क्षणी खाली नेतो. कर्म आणि फळ एकाच दानात. लहान मुलास धडा शिकवावयास ही रीत उत्तम. परंतु प्रौढ माणसाच्या आयुष्यात साप इतक्या तत्परतेने चावत नाही. केलेले कृत्य आपण विसरतो, आणि फळ येते तेव्हा प्रथम ते अन्यायच वाटते. हा अनुभव पाच तासांत देता येणार नाही. कारण विसरण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ खेळणाऱ्याचा स्वतःचा असावा लागतो. डाउन्सचे अंगण आणि डॉक्टरची खोली यांच्यामधले आठवडे काढून टाकले, तर कथानकाचा सारांश तसाच राहील, पण कथा नाहीशी होईल. ‘रिडेम्पशन’ या इंग्रजी शब्दास दोन अर्थ आहेत : एक आत्म्याचा उद्धार, दुसरा गहाण सोडविणे. या खेळात ते दोन्ही अर्थ एकत्र येतात. मरण दिसू लागल्यावर आर्थर स्ट्राउसला तळावरून हाकलून देतो. हलाखीत सापडलेल्या डाउन्सच्या विधवेस व मुलास शोधून काही देण्याची संधीही खेळणाऱ्यास मिळते. ती घ्यावी की नाही, हे त्याच्यावर सोपविलेले आहे. आर्थरला शेवटी क्षमा मागावयाची नसते, निदान काही देणे फेडावयाचे असते.

येथे साहित्यशास्त्रातला एक जुना मुद्दा उपस्थित होतो. तात्यासाहेब केळकरांनी साहित्यानंदाची मीमांसा ‘सविकल्प समाधि’ या शब्दांत केली. वाचक आपली भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, आणि आनंद या दुहेरी अवस्थेत असतो, असा त्या विवेचनाचा आशय. खेळात ही समाधी मनापुरती राहत नाही, ती हातातही उतरते. मूठ आर्थरची, पण ती उगारणारी कळ आपल्या अंगठ्याखाली. कादंबरीतल्या दुष्ट कृत्याचे आपण साक्षीदार असतो. येथे काही अंशी भागीदार होतो.

यावर एक बळकट आक्षेप आहे व तो टाळून चालणार नाही. डाउन्सला मारण्यास नकार देण्याची मुभा खेळणाऱ्यास नाही. ती वसुली केल्याशिवाय कथा पुढे सरकतच नाही. मग जे टाळणे शक्य नव्हते, त्याचा दोष आपणांवर कसा? आक्षेप खरा आहे. शिवाय तो या एका प्रसंगापुरता नाही. प्रदेशात भटकताना हवे ते करण्याची मोकळीक देणारा हा खेळ, कथेचा प्रसंग सुरू होताच खेळणाऱ्याचा हात घट्ट धरतो. नेमून दिलेल्या वाटेवरून जरा बाजूस झाले की प्रसंग फसला म्हणून पुन्हा आरंभापासून करावयास लावतो. आमच्या मते हा रचनेतील सर्वांत मोठा दोष होय. परंतु डाउन्सच्या बाबतीत तोच दोष कथेच्या पथ्यावर पडला आहे. आर्थरनेही नकार दिला नाही. सांगितले म्हणून केले, टोळीसाठी केले, सगळेच करतात म्हणून केले. आणि खेळणाऱ्यानेही पडद्यावर सूचना आली म्हणून निमूटपणे कळ दाबली. आज्ञाधारकपणाने केलेल्या कृत्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या निमूटपणातूनच निर्माण होतो. कथेने तो विचारावयास पन्नास तासांपैकी बहुतेक तास घेतले, याचे त्यामुळे वाईट वाटत नाही.

दुसरे दोषही सांगितले पाहिजेत. नवा तळ, डचची नवी मसलत, तिचा बोजवारा आणि पुन्हा पळ, हे आवर्तन इतक्या वेळा होते की चौथ्या खेपेस खेळणारा कंटाळतो. एकच मोठा हात मारू आणि दूर बेटावर सुखाने राहू, हे डचचे पालुपद माणसाच्या स्वभावाचे द्योतक आहे खरे, पण ते दाखवावयास इतकी पुनरुक्ती नको होती. पाचव्या प्रकरणात कथा एकाएकी ग्वार्मा नावाच्या बेटावर जाते; हा भाग दुसऱ्याच एखाद्या कथेतून आणून जोडल्यासारखा वाटतो, आणि तो गाळला असता तर काही बिघडले नसते. शिकार सोलणे, कपाटे उघडणे यांतील संथपणा प्रथम खरा वाटतो, पुढे अंगावर येतो. रक्तपात तर इतका की एकीकडे पश्चात्ताप करणारा हा नायक दुसरीकडे त्याच दुपारी डझनावारी माणसे लोळवितो, आणि या विसंगतीची कथेला दखल नाही. युरोपात हा खेळ १८ वर्षांवरील व्यक्तींसाठीच ठरविला आहे. आमच्याही मते तो शाळकरी मुलांच्या हाती मुळीच देऊ नये.

आर्थर मेल्यावर खेळ थांबवावा, असे पुष्कळांचे म्हणणे असते. हे मात्र आम्हांस मान्य नाही. उपसंहारात आठ वर्षे उलटलेली असतात. आर्थरने ज्याला वाचविले तो जॉन मार्स्टन गाई दोहतो, शेण उपसतो, बँकेचे कर्ज काढून जमीन घेतो व बायकोमुलासाठी घर बांधतो. दरोड्यांची चटक लागलेल्यास हे तास रुक्ष वाटतात. परंतु आरंभी कर्जाने एक घर मोडले होते, येथे कर्जानेच एक घर उभे राहते, आणि या वेळी ते कष्टाने फेडण्याचा यत्न होतो. आर्थरच्या मरणाचे मोल काय ठरले, हे त्या भिंती उभ्या राहताना कळते. ज्यांनी २०१० साली निघालेला आधीचा खेळ पाहिला आहे, त्यांस या घराचे पुढे काय होणार हेही ठाऊक असते. त्यांच्या मनाला तर प्रत्येक खिळा लागतो.

सारांश, ही कथा उपसंहारासह शेवटास न्यावी. मात्र नकाशावर विखुरलेली शोधाशोधीची आणि गोळा करण्याची कामे खुशाल सोडावीत. ती पुरी केल्याने कथा अधिक समजत नाही, आणि केवळ यादी पुरी करण्याचे समाधान घरातली रद्दी मोजूनही मिळू शकेल. अन्य दीर्घ खेळांसाठी आम्ही एक साधी कसोटी सुचवितो. आठ-दहा तास खेळून झाल्यावर खेळ एक आठवडा बाजूस ठेवावा. आठवड्याअखेर मनात काय उरले, ते पाहावे. माणसे आठवत असतील, त्यांना दिलेला शब्द किंवा त्यांचे केलेले नुकसान आठवत असेल, तर पुढे जावे. ॲरिस्टॉटलच्या मापास ती कथा उतरली. नुसती राहिलेली कामे आणि मिळावयाची हत्यारे आठवत असतील, तर खेळ तेथेच सोडावा, आणि अर्धवट सोडल्याची खंत बाळगू नये. पैसे दिले आहेत म्हणून संपवावयाचे, हा हिशेब बाजारातला आहे. गेलेले पैसे गेले. पुढचे चाळीस तास अजून आपल्या हाती आहेत.

आईबापांनाही या कसोटीचा उपयोग होईल. कॉलेजातल्या मुलाने किंवा मुलीने असा एखादा खेळ संपविला असे कळले, तर किती तास घालविलेस, हे विचारण्याऐवजी त्या कथेविषयी एखादा प्रश्न विचारावा. आर्थरला क्षय कोठून जडला, एवढेच विचारले तरी पुरे. ‘दुसऱ्या प्रकरणात’ असे उत्तर आले, तर ते तास बहुधा वाया गेले. डाउन्सचे नाव घेताना मूल क्षणभर थांबले, तर त्याचे आणखी ऐकून घ्यावे.